वाड्यात काळविटाची मुंडकी आणि बिबट्याचं कातडं निघालंय, कागद नाहीत, काय करावं?

फालका_बाजारवाला

नमस्कार मंडळी, जरा गंभीर सल्ला हवाय. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचा जुना वाडा आहे तो आता विकायला काढलाय, तिघं भाऊबंद तीन गावी, कोणालाच दुरुस्ती परवडत नाही. पणजोबा शिंदे सरकारच्या नोकरीत होते आणि शिवपुरीच्या शिकारींना बरोबर जायचे असं घरात सांगतात. दिवाणखान्यात काळविटाची दोन मुंडकी आहेत, शिंगांसकट, लाकडी पाटीवर बसवलेली, लहानपणापासून त्यांच्यावर आम्ही टोप्या टांगत आलो त्यामुळे ती काही वेगळी वस्तू आहे असं कधी वाटलंच नाही. पण माळा रिकामा करताना ट्रंकेतून बिबट्याचं कातडं निघालं, डांबराच्या गोळ्या घालून कोणीतरी नीट गुंडाळून ठेवलेलं. वडील २०२२ ला गेले, त्यांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

आता गंमत अशी की वाडा बघायला दलालाबरोबर एक अँटिकवाला आला होता, तो म्हणाला भैया सगळं मिळून उचलतो, कॅश देतो, पावती-बिवतीच्या भानगडीत पडू नका. आणि धाकटा भाऊ पुण्याहून म्हणतोय एक मुंडकं मला पाठव, फ्लॅटमध्ये छान दिसेल. हे सगळं कायद्यात बसतं का? शिकार तर स्वातंत्र्याच्या आधीची आहे ना, मग आपल्याला काय होणार?

घाटीगावचा_गोट्या

कशाला एवढा विचार करताय, रात्री अंगणात घासलेट ओतून जाळून टाका, विषय संपला. ना वस्तू ना केस.

वकीलबाई_जिवाजीगंज

गोट्या, असले सल्ले देऊ नकोस रे. ज्या वस्तूबाबत गुन्हा झालाय ती वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ खाली सरकारी मालमत्ता होते आणि ती परवानगीशिवाय नष्ट करणं यालाही तिथेच मनाई आहे. वर पुन्हा चामडं जळल्याचा वास चार वाड्यांपलीकडे जातो आणि वाड्याच्या सौद्यावर नाराज असलेला एखादा चुलता प्रत्येक घरात असतोच.

आता मूळ प्रश्न. दादा, शिकार कधीची आहे हा तुमचा बचाव होऊ शकतो, पण तो तुम्हाला सिद्ध करावा लागेल, सरकारला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याचं कलम ५७ असं सांगतं की वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ताबा बेकायदा आहे असंच आधी धरलं जातं, उलटं दाखवणं तुमच्या गळ्यात. काळवीट आणि बिबट्या दोन्ही अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या यादीत. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार. आणि ही शिक्षा फक्त बंदूक चालवणाऱ्यालाच आहे असं समजू नका, अशा जनावराचं कातडं किंवा मुंडकं यांच्याशी संबंधित गुन्ह्यालाही तीच.

कायदा आला तेव्हाच लोकांना सांगितलं होतं की घरात जे आहे ते जाहीर करा. कित्येकांनी केलं नाही, म्हणून २००३ मध्ये १८० दिवसांची आणखी एक संधी दिली, तेव्हा जाहीर करणाऱ्यांवर जुनं काही उकरून काढलं गेलं नाही. ती खिडकी बंद झाली. ज्यांनी जाहीर केलं त्यांना मालकीचं प्रमाणपत्र मिळालं. तर पहिलं काम, वडिलांचे नि आजोबांचे सगळे कागद, बँकेचा लॉकर, देव्हाऱ्याखालची पेटी, बंदुकीच्या लायसनची फाईल, हे सगळं धुंडाळा. जुन्या लोकांनी हे प्रमाणपत्र बहुतेक वेळा बंदुकीच्या कागदांतच ठेवलेलं असतं. मुंडक्याच्या पाटीमागे काही नंबर किंवा शिक्का आहे का तेही बघा.

प्रमाणपत्र असलं तरी वारसानं वस्तू आल्यावर ९० दिवसांत चीफ वाईल्डलाईफ वॉर्डनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव प्रमुखाला, कळवायचं असतं. तुमचे वडील २०२२ ला गेले म्हणजे ती मुदतही टळलीये, पण कागद असेल तर उशिरा का होईना कळवता येतं, निदान प्रामाणिकपणा दिसतो.

आणि विक्री? प्रमाणपत्र असलेल्यालाही विकता येत नाही, वारशानं देता येतं, पैसे घेऊन नाही. तो अँटिकवाला पावती नको का म्हणतोय ते कळलं ना आता. पकडला गेला तर पहिलं नाव तुमचंच घेणार.

रिटायर्ड_रेंजर

बाईंनी कायदा सांगितला, मी खात्याच्या बाजूचं सांगतो, आयुष्य चंबळ-शिवपुरी पट्ट्यात गेलंय.

हे जे अँटिकवाले म्हणून फिरतात त्यातला एखादा खरा गिऱ्हाईक असतो, एखादा मुखबिर म्हणजे खबऱ्या असतो, आणि एखादा दोन्ही असतो. कातड्यांच्या बहुतेक केसेस अशाच होतात, आपला माणूस गिऱ्हाईक बनून जातो, भाव ठरतो, माल आणायला सांगतात आणि स्टेट टायगर स्ट्राईक फोर्सवाले उचलतात. तिथे तुम्ही म्हणाल साहेब हे पणजोबांचं आहे, तर साहेब म्हणणार मग विकायला का काढलं? पीओआर, म्हणजे वनखात्याचा प्राथमिक गुन्हा अहवाल, तिथल्या तिथे फाटतो. कातडं जुनं का नवं हे पुढे लॅबमध्ये बघतील, डेहराडूनला किंवा जबलपूरला नमुने जातात, पण रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही आत. अनुसूची १ मध्ये जामीन सहज मिळेल या भ्रमात राहू नका.

आता आमची बाजूही ऐका. लोक म्हणतात जंगलवाले जुन्या मुंडक्यांच्या मागे लागतात आणि खरे शिकारी मोकाट. अर्धं खरं आहे. एका बीटगार्डकडे, म्हणजे साध्या वनरक्षकाकडे, केवढं तरी जंगल, हातात काठी, समोर गाडी, सर्चलाईट आणि बारा बोर. १४ मे २०२२ ला पहाटे गुना शहराजवळ आरोनच्या जंगलात काळविटं मारून नेणाऱ्यांना अडवायला गेलेल्या तीन पोलिसांना त्यांनी गोळ्या घातल्या, तिघंही गेले. ते पोलीस होते, हत्यारं असलेले. बीटगार्डनं काय करावं?

आणि बंदूक तर आता कमीच झाली. आता चालतं ते तारेचं काम. अकरा केव्हीच्या लाईनवर हूक टाकायचा, जीआय तार खुंट्यांवरून पाणवठ्याच्या वाटेला सोडायची, झोपायला जायचं. आवाज नाही काही नाही. डुकरासाठी लावलेली असते, त्यात बिबट्या मरतो, कधी वाघ मरतो, कधी शेजारच्या शेतातला माणूससुद्धा. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाला २०२५ ला टायगर रिझर्व्ह केलं, चांगलंच आहे, पण वाघ काही बोर्ड वाचून आत राहत नाही, तो रात्री बाहेरच्या शेतातून जाणारच, आणि शेतात तार आहे.

मोर_मुकुट

हे सगळं ठीक आहे हो काका पण एक विचारतो. मोठमोठ्या राजवाड्यांत नि कोठ्यांत भिंती भरून मुंडकी आहेत, पेंढा भरलेले वाघ उभे आहेत, त्यांना कोणी पीओआर फाडायला जात नाही. आणि आपल्या लष्करातल्या वाड्यात दोन शिंगं निघाली तर सात वर्षं? जंगलाकडेचा मोगिया किंवा पारधी तितर घेऊन बाजारात आला की त्याची वरात निघते. सलमान खानचं काळवीट १९९८ चं आणि जोधपूरच्या कोर्टात शिक्षा झाली २०१८ ला. वीस वर्षं! त्या काळविटाची सातवी पिढी चरत असेल.

वकीलबाई_जिवाजीगंज

राजवाड्यांकडे कागद आहेत म्हणून ते सुटतात, एवढंच. त्यांचे मुनीम हुशार होते, वेळेत जाहीर करून आले. आपल्या लोकांनी वाडा सांभाळला नाही तर कागद काय सांभाळणार.

पण केसेस लांबतात या तुझ्या मुद्द्याला मात्र उत्तर आहे आणि ते फार कोणी सांगत नाही. वन्यजीवाची केस साधारण एफआयआर-चार्जशीटच्या वाटेनं जात नाही, वनाधिकारी स्वतः मॅजिस्ट्रेटसमोर परिवाद, म्हणजे थेट लेखी तक्रार, दाखल करतो. म्हणजे पुरावा त्यानेच गोळा करायचा, साक्षीही त्याच्याच माणसांच्या. असिस्टंट कन्झर्वेटर किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं आरोपीच्या समोर घेतलेला जबाब कोर्टात चालतो, पोलिसांसमोरच्या कबुलीपेक्षा ही मोठीच सोय आहे. पण मी पाहिलेल्या फाइलींत जप्तीचा पंचनामा भलत्याच जागेचा असतो, पंच म्हणून खात्याचाच चौकीदार असतो, सील कोणतं लावलं त्याचा नमुना जोडलेला नसतो, आणि तारखेला यायचं तर गार्डची बदली मंडल्याला झालेली असते. आरोपी सुटतो तो बहुतेक अशा गोष्टींवर. जिथे नीट काम झालं तिथे शिक्षा होतातच, चंबळच्या कासवांच्या तस्करीत सागरच्या कोर्टानं २०२१ ला कित्येकांना एकदम दोषी ठरवलं.

रिटायर्ड_रेंजर

सील नमुन्याबद्दल बाई बोलल्या ते झोंबलं पण खोटं नाही.

भिया_इंदौरी

मधेच घुसतो, माफ करा. आमच्या सासुरवाडीची शेती शाजापूरकडे, रोजडे (नीलगाई) आणि डुक्कर इतके झालेत की सोयाबीन काढायच्या आधीच अर्धं साफ. सासरे म्हणतात गावात एकाकडे पीक संरक्षणाची बंदूक आहे, त्याला बोलवून दोन पाडू बाकीचे पळतील. परवानगी मिळते म्हणे, खरं का? आणि काळवीट पण येतात शेतात, ते पण चालतील का?

वकीलबाई_जिवाजीगंज

भिया, बंदुकीचं लायसन म्हणजे शिकारीचं लायसन नाही हे आधी सासऱ्यांना सांगा. पूर्वी लहान-मोठ्या शिकारीची लायसन कायद्यातच होती, १९९१ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली, तेव्हापासून हौसेची शिकार हा प्रकारच उरला नाही.

रोजडा आणि डुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करत असतील तर चीफ वाईल्डलाईफ वॉर्डन किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून मारायची परवानगी देऊ शकतो, कलम ११. आदेश आधी, गोळी नंतर. आणि मारलेलं जनावर सरकारचं असतं, त्याची पार्टी करायची नाही, सासऱ्यांचा खरा बेत काय आहे ते मला कळलंय. परवानगी नसताना मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

काळवीट अजिबात नाही. ते अनुसूची १, तिथे पीक खाल्लं हे कारणच चालत नाही, माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल तरच, आणि तेही चीफ वॉर्डनच ठरवणार. म्हणूनच तर तुमच्या शाजापूरकडे २०२५ ला हेलिकॉप्टरनं हाकून बोमात, म्हणजे निमुळत्या कुंपणात, पकडायचा एवढा खटाटोप केला ना.

भिया_इंदौरी

बेत ओळखलात 😄 सांगतो त्यांना. नुकसानभरपाईचा अर्ज टाकायला लावतो.

फालका_बाजारवाला

सगळ्यांचे आभार. कालपासून कागद शोधतोय, बंदुकीच्या फाईलीत काळविटाच्या मुंडक्यांचं प्रमाणपत्र सापडलं, आजोबांच्या नावाचं, शिक्का पुसट आहे पण वाचता येतो. कातड्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही. अँटिकवाल्याचा फोन उचलणं बंद केलंय. आता भावाला एक मुंडकं पुण्याला पाठवू का, आणि कातड्याचं काय? आणि एक, आईच्या डब्यात बाळलेण्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख आहे, तेही यातच येतं का?

वकीलबाई_जिवाजीगंज

मुंडकी सध्या हलवू नका. आधी वारसा कळवा, तुमच्या तिघांत ती कोणाकडे राहणार ते लिहून द्या, वाहतुकीची परवानगी घ्या, मग पुणे. तिथे पोचल्यावर ३० दिवसांत महाराष्ट्राच्या चीफ वॉर्डनला कळवायचं. ठेवायचीच नसतील तर सात कामाच्या दिवसांची नोटीस देऊन खात्याकडे जमा करता येतात, मोबदला मिळत नाही.

कातड्याचा प्रकार वेगळा, जमा करण्याची ही सोय प्रमाणपत्रवाल्यांसाठी आहे. तुम्ही वकिलामार्फत डीएफओला (जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्याला) लेखी द्या की वाडा रिकामा करताना अमुक तारखेला ट्रंकेत हे सापडलं, मृत व्यक्तीचं सामान आहे, आम्ही स्वतःहून ताब्यात देतोय. अर्जाची प्रत भोपाळला चीफ वॉर्डनला. ट्रंक आहे तिथेच राहू द्या, पंचनामा तुमच्या वाड्यातच होऊ दे, स्वतः गाडीत घालून ऑफिसला नेऊ नका. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. याला उशीर करू नका, वाड्याचं बयाणं नंतर घ्या.

रिटायर्ड_रेंजर

वाघनख खरं असेल तर तेही त्यातच. पण बऱ्याच घरांतली नखं गुराच्या शिंगाची किंवा खुराची कोरलेली असतात, सोनारानं आजीला फसवलेलं असतं. सोनाराला दाखवायला जाऊ नका, कातड्याच्या अर्जातच एक ओळ टाका, पंचनाम्याला आलेला अधिकारी बघेल. नख खोटं निघालं तर सोनं तुमचंच.

घाटीगावचा_गोट्या

मी आपलं घासलेटचं मागे घेतो.