बँकेचं 'ज्येष्ठ मोड' म्हणजे सोय की पळवाट?

गंगापूररोडकर
आमच्या बँकेने (नाव घेत नाही) ॲपमध्ये ज्येष्ठांसाठी वेगळा मोड आणलाय. अक्षरं ठसठशीत आणि बटणं चारच. हौसेने आईला लावून दिला. मग कळलं की त्यात एफडी मोडता येत नाही, वीजबिल भरता येत नाही आणि नॉमिनीही बदलता येत नाही. साठी उलटली की माणसाने नुसती शिल्लक बघत बसायची का? माझं मत स्पष्ट आहे, ही पळवाट आहे. नेहमीचंच ॲप नीट करा. फोनमध्ये अक्षर मोठं केलं की ॲपमध्येही ते मोठं झालं पाहिजे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट) हवा, असा जागतिक निकष आहे. आमच्याकडे पांढऱ्यावर फिकट राखाडी! कॉलेज रोडच्या उन्हात मलाही वाचता येत नाही, आईचं काय घेऊन बसलात.

सातपूरचा_भाऊ
पळवाट कशी काय? माझे वडील त्याच मोडमुळे पहिल्यांदा कुणाला न विचारता शिल्लक बघायला लागले. आणि एफडी मोडायचं बटण त्यात नाही हे उत्तमच. आमच्या शेजारच्या काकांना 'केवायसी संपलीय' म्हणून फोन आला, त्यांच्याकडून स्क्रीन शेअरिंगचं ॲप उतरवून घेतलं आणि त्यांच्याच हाताने एफडी मोडायला लावली. म्हाताऱ्या माणसाला थोडकंच द्या, पण सुरक्षित द्या.

जेलरोड_पेन्शनर
भाऊ, तुमच्या वडिलांनी कुठलं बटण वापरायचं हे तुम्ही नाही, त्यांनी ठरवायचं. मी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालो. ५०० च्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच तिरक्या उठावाच्या रेघा असतात, १०० ला चार, आणि २०० ला चार रेघा व मध्ये दोन वर्तुळं. दिसत नसेल त्याने अंगठा फिरवून ओळखावं म्हणून. 'अंधांसाठी वेगळी नोट' कुणी काढली नाही. नोट सगळ्यांना एकच. ॲपचंही तसंच हवं.

पंचवटीकर_टॉकबॅक
काका, उदाहरण चांगलंय, पण अर्धंच. मी पूर्ण अंध आहे. नोट बाजारात फिरली, मळली की त्या रेघा बोटाला लागत नाहीत. १०, २०, ५० वर त्या नाहीतच. ५०० आणि २०० च्या लांबीत फरक ४ मिलिमीटरचा, तो रिक्षावाला घाई करत असताना मापायचा कसा? म्हणूनच रिझर्व्ह बँकेला २०२० मध्ये नोट ओळखून बोलून सांगणारं 'मनी' ॲप काढावं लागलं. तेव्हा 'सगळ्यांना एकच' एवढं म्हणून भागत नाही, ते आम्हाला वापरून बघायला द्यावं लागतं.

माझं वय ३१, त्यामुळे ज्येष्ठ मोड मला लागूच नाही. पैसे पाठवायच्या पानावर बोट फिरवलं की टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) म्हणतो, "बटन. बटन. बटन." त्यातल्या एकाने पैसे जातात, एकाने व्यवहार रद्द होतो. ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलेलं नाही, मग टॉकबॅक वाचणार काय? त्यात ओटीपी आला की मेसेजमध्ये जाऊन तो ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत यायचं. तोवर ॲपने बाहेर काढलेलं असतं.

इंदिरानगर_कोडर
बटणांना नावं न देणं हा निव्वळ आळस आहे, त्याची बाजू घेत नाही. पण बाकीचं इतकं सोपं नाही. टॉकबॅक ज्या परवानगीवर चालतो, तीच परवानगी घेऊन चोरटी ॲप्स पडदा वाचतात आणि परस्पर बटणंही दाबतात. म्हणून काही बँका ती परवानगी दिसली की ॲप उघडूच देत नाहीत. लवकर लॉगआउट होतं तेही त्यासाठीच. उद्या खातं रिकामं झालं तर तुम्हीच बँकेला शिव्या घालणार.

पंचवटीकर_टॉकबॅक
चोर शिरतो म्हणून घरमालकालाच दाराबाहेर ठेवायचं? अँड्रॉइड १४ मध्ये ॲप बनवणाऱ्याला एखादा भाग 'संवेदनशील' ठरवता येतो. मग तो फक्त अपंगांसाठीचं साधन म्हणून नोंदवलेल्या सेवांनाच दिसतो, बाकीच्यांना नाही. दादा, हे तुम्हाला माहीत असणार.

इंदिरानगर_कोडर
माहीत आहे. पण आमचे निम्मे ग्राहक अजून जुन्या अँड्रॉइडवर आहेत. आणि क्लायंट, म्हणजे बँक, चाचणीचे पैसे देत नाही.

सिडकोची_सून
तुमचं अँड्रॉइड चालू द्या. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन आहे. अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय दिसतात. अडतं ते 'पैसे पाठवण्यासाठी सरकवा' या पट्टीवर. बोट थरथरतं, पट्टी अर्ध्यातून मागे येते, पुन्हा पहिल्यापासून. साधं बटण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? ॲपचा मोह मला नाहीच, मला खिडकीवर माणूस हवाय. सत्तरीपुढच्या लोकांना आणि अपंगांना घरपोच बँक सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय. आमच्या शाखेत विचारलं तर "अशी काही स्कीम नाही." परिपत्रकाची प्रिंट काढून नेली तेव्हा माणूस घरी आला.

सातपूरचा_भाऊ
हेच म्हणतोय मी. माणूस वाढवा, ॲपमागे पैसा कशाला घालवायचा.

गंगापूररोडकर
दोन्ही लागेल, भाऊ. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला केवायसीच्या वेळी कॅमेऱ्यासमोरचं 'डोळे मिचकावा' जमेना, म्हणून बँकेने अडवलं. त्या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्काच्या गोष्टीला 'क्लायंट पैसे देत नाही' हे उत्तर चालत नाही. आणि २०२७ ला आपल्या नाशकात सिंहस्थ कुंभमेळा आहे, तेव्हाही गर्दीचं, बसचं, राहण्याचं सगळं मोबाइलवरच बघा म्हणणार. तिथेही बटण-बटण-बटणच का?

इंदिरानगर_कोडर
कोर्टाचा निकाल क्लायंटला पाठवतो. चाचणीला कुणी तयार आहे का? सिंहस्थासाठी नाही, आमच्या चालू कामासाठी.

पंचवटीकर_टॉकबॅक
मी आहे. पण 'समाजसेवा' म्हणून फुकट येणार नाही, तुमच्या इतर टेस्टरला देता तोच दर. आणि बटणांना नावं आधी देऊन ठेवा, त्यात माझा वेळ घालवू नका.