लॅब्रॅडॉर आणायची आहे, महिन्याला तीन हजार पुरतील का?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतो. नवरा, मी, सासूबाई आणि सातवीतली लेक. लेक कधीपासून कुत्र्यासाठी मागे लागली आहे आणि आता आम्हीही मनाने तयार आहोत. लॅब्रॅडॉरची मादी पाहून ठेवली आहे, पिल्लाचे पंधरा हजार सांगतायत. ते एकदाच द्यायचे, जमवू. पण दर महिन्याचा अंदाज येत नाही. भाडं, क्लास, सासूबाईंची औषधं वजा जाता तीन हजार बाजूला निघतील, ओढूनताणून चार. एवढ्यात नीट सांभाळता येईल का? दिवाळीत आठवडाभर माहेरी नागपूरला जातो, तेव्हा लोक काय करतात? खरं काय ते सांगा, लेकीला शब्द द्यायच्या आधी कळलेलं बरं.

वहीवाली
ताई, आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे एक लॅब आहे, जिरू, आणि एक देशी, शेवंता. दोघींचा खर्च घरखर्चाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिते, त्यातूनच सांगते.

सगळा खर्च वजनावर चालतो. पिल्लू हातात मावतं तेव्हा हे लक्षात येत नाही, पण लॅबची मादी वर्षा-दीड वर्षात 25-30 किलोची होते. मग तिला दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला दहा-अकरा किलो. मध्यम दर्जाचं घेतलं तरी आमच्याकडे किलोला साडेतीनशेच्या पुढे पडतं. तुमचे तीन हजार इथेच संपले. गोचिडांची गोळीही वजनाप्रमाणे, जंताचं औषध वजनाप्रमाणे, ऑपरेशनच्या वेळी भूलही वजनाप्रमाणे. शेवंता 14 किलोची आहे, तिचं पान नेहमी जिरूच्या निम्म्याच्या आसपास भरतं.

पहिलं वर्ष जास्त जातं. दीड-दोन महिन्यांपासून एकत्रित लस सुरू होते, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांनंतर रेबीज, मग दोन्ही दर वर्षी. यात काटकसर नको. पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) झालेलं पिल्लू दवाखान्यात ठेवावं लागतं, तेव्हा लशींचे सगळे पैसे एका दिवसात जातात, आणि पिल्लू वाचेलच असं नाही. महापालिकेचा परवानाही काढा, त्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. फी किरकोळ असते.

आता ज्या खर्चाबद्दल कोणी सांगत नाही तो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी जिरूने ताटाला तोंडच लावलं नाही. लॅबने जेवण सोडलं म्हणजे काहीतरी बिनसलं हे धरूनच चालायचं. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या, पोटाला हात लावला तर चटका बसेल इतकं अंग तापलेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली आलेल्या. गोचीड ताप. सलाइन, पुन्हा पुन्हा रक्त तपासणी, 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. त्या महिन्याच्या पानावर नेहमीच्या खर्चाशिवाय बारा हजार जास्तीचे आहेत. नियमित गोळी देऊनही हा ताप येऊ शकतो, आपल्याकडे गोचीड बारा महिने असतात. म्हणून पिल्लू आणायच्या आधी पंचवीस-तीस हजार वेगळे ठेवा आणि त्याला हात लावू नका. माझ्या मते कुत्रा परवडतो का, याचं उत्तर त्या रकमेवरून मिळतं.

मादी असल्यामुळे नसबंदी धरून चाला. न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तेव्हाचं ऑपरेशन रात्री-अपरात्री, दुप्पट खर्चाचं आणि जीवावरचं असतं. वेळेवर केलेलं स्वस्त पडतं आणि तिला त्रासही कमी होतो.

दिवाळीचं: बोर्डिंगला आम्ही दिवसाला आठशे देतो, आठवड्याचे साडेपाच हजारांच्या वर होतात. चांगल्या जागा नवरात्रातच भरतात आणि लसींचं कार्ड पाहिल्याशिवाय घेत नाहीत. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत, त्या आवाजात मी तरी माझ्या मुलींना कधी पाठवणार नाही.

तर स्पष्ट सांगते. लॅबला महिन्याला सहा हजार धरा, बोर्डिंग आणि आजारपण सोडून. तीन-चारात ती उपाशी राहणार नाही, पण लस पुढे ढकलली जाईल, गोळी चुकेल. देशी पिल्लू मात्र चार हजारांत व्यवस्थित वाढतं.

पायवाट
वहीवालींशी सहमत. देशी दत्तक घ्या, पंधरा हजार वाचतील ते राखीव रकमेत टाका. नसबंदी झालेली मोठी मादीही मिळते, पिल्लाच्या लसींची धावपळ वाचते.
अवांतर: घरमालकांची लेखी परवानगी आधी घ्या, भाडेकरारात घालून. तोंडी 'हो' वर्षभरात फिरतं आणि मग घर सोडायचं की कुत्रा, असा प्रसंग येतो. आमच्या सोसायटीत यावरून दोन कुत्री रस्त्यावर आली, अजून गेटपाशी येऊन बसतात.

निळाशाई
विम्याचा विचार करत असाल तर कागद नीट वाचा. आधीपासून असलेले आजार बहुतेक वगळलेले असतात, सुरुवातीचे काही दिवस संरक्षण नसतं, लस-नसबंदी सहसा त्यात येत नाही. राखीव रक्कम तरीही लागतेच.

मृद्गंध
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याबरोबर बसून आकडे मांडले. लॅब आत्ता नाही हे ठरलं. देशी मादी दत्तक घ्यायची, पण राखीव रक्कम जमल्यावर, म्हणजे साधारण मार्चनंतर. लेक थोडी रडली, मग तिनेच कॅलेंडरवर खूण केली. एक शेवटचं विचारते: घरचं खाणं दिलं तर स्वस्त पडेल का? सासूबाई म्हणतात त्यांच्या घरी कुत्रा दूध-पोळीवर वाढला.

वहीवाली
मार्च ठरवलंत, बरं वाटलं.
घरचं देता येतं, पण नुसती दूध-पोळी नको. वाढत्या पिल्लाला त्यात प्रथिनं पुरत नाहीत आणि कित्येकांना दुधाने जुलाब होतात. शेवंताला मी सकाळी कोरडं खाणं देते. संध्याकाळी चिकन, भात आणि लाल भोपळा किंवा दुधी, सगळं एकत्र शिजवून, बिनमिठाचं. शिजवलेली हाडं काढून टाका, ती फुटून आतड्यात रुततात. कांदा-लसूण अजिबात नाही, म्हणजे आपल्या रश्श्यातला तुकडाही नाही, हे सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. कॅल्शियम मनाने देऊ नका, डॉक्टरांना विचारूनच. चिकनवाल्याकडे गळे आणि पाय मागितले तर बरेच स्वस्त मिळतात. मी आठवड्याचे एकदम आणते, पाव-पाव किलोच्या पिशव्या करून फ्रीजरला टाकते. या पद्धतीने खाण्याचे महिन्याला सहा-सातशे वाचतात. तेवढे राखीव रकमेत जाऊ देत.