घराला चार कॅमेरे: आधी लेन्स, मग मेगापिक्सेल

विषय: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

दुमजली घर आहे. पुढचं दार, गाडी लावायची जागा, मागचं अंगण आणि बाजूची बोळ अशा चार जागांवर कॅमेरे लावायचेत. रेकॉर्डिंग दिवसरात्र हवं, पण दरमहा पैसे भरायची योजना नको. सुट्टीत घर पाच आठवडे बंद असतं, तेवढं सगळं परत आल्यावर बघता यायला हवं. प्रश्न तीन: वायरलेस चालतील का? ८ मेगापिक्सेल घ्यावेत की ४? डिस्क केवढी लागेल? भिंती लाकडी सांगाड्याच्या आहेत, माळ्यावरून वायर फिरवता येईल.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

> वायरलेस चालतील का?

ताई, माळ्यावरून वायर फिरवता येत असेल तर वायरलेस सोडून द्या. बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे सतत रेकॉर्ड करत नाहीत. हालचाल जाणवली की ते जागे होतात, आणि जागे होईपर्यंतचा क्षण हातचा जातो. माणूस पार्सल उचलून वळलेला असतो, आपल्या हाती त्याची पाठ लागते. प्लगवर चालणारा वायफाय कॅमेरा सतत रेकॉर्ड करेल, पण वायर त्यालाही लागतेच. मग एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा पीओई कॅमेरा काय वाईट?

> ८ मेगापिक्सेल घ्यावेत की ४?

याच्या आधी प्रत्येक जागेसाठी ठरवा: कोणीतरी आलं एवढंच कळायला हवं, की अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यायला हवा? कॅमेरा मांडणीच्या आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत याचे आकडे आहेत. नुसती चाहूल कळायला दर मीटरला २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी चेहऱ्याची ओळख पटवायला २५०.

आता हिशोब. ४ मेगापिक्सेलचं चित्र साधारण २५६० पिक्सेल रुंद असतं. २५६० भागिले २५० म्हणजे चित्रात १० मीटर रुंदी मावेल तिथपर्यंतच चेहरा उपयोगाचा. २.८ मिलीमीटरची लेन्स साधारण १०५ अंश बघते (सेन्सरप्रमाणे थोडं कमीजास्त), म्हणून ही रुंदी तिला ४ मीटरवरच गाठते. तीच लेन्स ठेवून ८ मेगापिक्सेल केलंत तर ४ चे जेमतेम ६ मीटर होतात. उलट ४ मेगापिक्सेलच ठेवून ६ मिलीमीटरची लेन्स घेतलीत, जी सुमारे ५५ अंश बघते, तर तोच चेहरा जवळजवळ १० मीटरवर मिळतो. मेगापिक्सेल दुप्पट करण्यापेक्षा योग्य लेन्स कितीतरी जास्त देऊन जाते, आणि तरी खोक्यावर मोठ्या अक्षरात मेगापिक्सेलच छापलेले असतात.

म्हणून दाराला २.८, गाडीच्या जागेला ६, बोळीला ४ किंवा ६, अंगणाला २.८. बोळ अरुंद आणि लांब असते, तिथे कॅमेरा ९० अंशात फिरवून उभं चित्र घ्या. सेटिंगमध्ये ‘कॉरिडॉर मोड’ किंवा ‘रोटेट’ असतं. नाहीतर अर्ध्या चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतीच दिसतील.

उंचीचा मोह टाळा. वरच्या मजल्याच्या वळचणीला, ५ मीटरवर कॅमेरा लावला की ४ मीटरवरच्या माणसाकडे तो ४० अंश खाली वाकून बघतो. टोपीचा शेंडा छान दिसतो, चेहरा नाही. अडीच मीटरवर लावलात तर हाच कोन १३ अंशांवर येतो. कोणी ओढून काढेल अशी भीती असेल तर त्या कॅमेऱ्यावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा हवा, उंची हा त्यावरचा उपाय नाही.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

वरच्या सगळ्याशी सहमत. वायरिंगबद्दल लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

केबल कॅट-६ घ्या, पण निखळ तांब्याची. ‘सीसीए’ लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तिचा रोध जास्त, वाकवली की तार तुटते. तिची ठरलेली खूण अशी: कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि अंधार पडला की दर दोन मिनिटांनी बंद-चालू होऊ लागतो. कारण सोपं आहे. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त खेचली जाते, लांब केबलवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. लोक कॅमेरा बदलून बघतात, दोष मात्र भिंतीत असतो.

हेच लक्षण स्विचची, म्हणजे सगळ्या केबल जिथे येतात आणि जिथून वीज मिळते त्या खोक्याची, एकूण ताकद कमी पडली तरी दिसतं. ८०२.३एएफ मानकात प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट मिळतात, पैकी केबलच्या टोकाला १२.९५ ची हमी. रात्री एक कॅमेरा १० वॅट धरा, चारांचे ४०. म्हणून स्विचचं एकूण पीओई बजेट ६० वॅटचं असलं की निवांत. पोर्ट किती आहेत हे बघून स्विच घेऊ नका, बजेट बघा. २४ व्होल्टचं ‘पॅसिव्ह’ पीओई या कॅमेऱ्यांना चालत नाही. एका केबलची लांबी स्विचपासून १०० मीटरपर्यंत, घरात तेवढी लागत नाही.

प्रत्येक केबल सरळ स्विचपर्यंत सलग न्या, मध्ये जोड नको. विजेच्या तारांना समांतर नेऊ नका. ओलांडावं लागलंच तर काटकोनात. दोन्ही टोकांना ५६८बी क्रम: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी बसते, हे विसरून जोड्या ओळीने लावल्या तर साधा टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो आणि कॅमेरा मात्र अडखळत राहतो किंवा दिसतच नाही.

बाहेरच्या टोकाला प्लगवर घट्ट बसणारं जलरोधक झाकण कॅमेऱ्यासोबत येतं. त्याचे तीन तुकडे, नट, रबर आणि नळी, प्लग दाबण्याआधी केबलमध्ये ओवून घ्या. नंतर ते जात नाहीत आणि शिडीवर उभं राहून प्लग कापावा लागतो. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. केबल भोकात शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ओघळून पडतं, केबलवरून आत शिरत नाही. कॅमेऱ्याच्या बैठकीभोवती सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी लावा, खालची कड मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलंत तर आत गेलेल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट उरत नाही. जोड कॅमेऱ्यामागच्या जंक्शन बॉक्समध्येच ठेवा, बाहेर लोंबता नको.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

> डिस्क केवढी लागेल?

एक आकडा पाठ करा: १ मेगाबिट प्रतिसेकंद सतत चाललं की दिवसाला १०.८ गिगाबाइट. ४ मेगापिक्सेल, सेकंदाला १५ फ्रेम आणि एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) यांना ४ मेगाबिट ठीक आहेत. चार कॅमेऱ्यांचे १६, म्हणजे दिवसाला १७३ गिगाबाइट आणि ३५ दिवसांचे ६ टेराबाइटच्या किंचित वर. ८ टेराबाइटची डिस्क घ्या. रेकॉर्डर ती ७.२७ दाखवेल, मोजण्याच्या पद्धतीचा फरक आहे, काही हरवलेलं नाही. एकच बघा, तुमचा रेकॉर्डर ८ ची डिस्क घेतो ना.

डिस्क देखरेखीसाठी बनवलेली हवी, सीएमआर प्रकारची, म्हणजे जिच्यात नोंदीच्या रेषा एकमेकींवर चढत नाहीत अशी. एसएमआर, म्हणजे रेषा एकमेकींवर चढवलेल्या डिस्कवर सतत लिहिणं सुरू असताना जुनं पुसणं तिला जड जातं आणि रेकॉर्डिंगमध्ये फटी पडू शकतात.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

दादा, चारही कॅमेऱ्यांना ४ मेगाबिट कशाला? अंगण आणि बोळीला २ पुरे. मग एकूण १२ होतात, ३५ दिवसांचे साडेचार टेराबाइट, आणि ६ ची डिस्क भागवते. व्हीबीआर (चित्रातल्या हालचालीप्रमाणे मेगाबिट कमीजास्त करणारी सेटिंग) ठेवलं तर शांत चित्राला त्याहूनही कमी लागतं.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

> व्हीबीआर ठेवलं तर शांत चित्राला त्याहूनही कमी लागतं

दिवसा, हो. रात्री उलट. प्रकाश कमी झाला की कॅमेरा सिग्नल ताणतो, चित्रात दाणे नाचू लागतात आणि एन्कोडरला ती सगळी हालचालच वाटते. व्हीबीआर थेट कमाल मर्यादेला जाऊन टेकतं. म्हणून हिशोब कमाल आकड्यावरच करावा. बोळीला २ मेगाबिट दिले तर रात्री पाऊस सुरू होताच चित्राचे चौकोन पडतील, आणि बोळीतून कोणी येईल तर ते रात्रीच येईल. अंगणाला २ चालतील. ‘एच.२६५ प्लस’सारखे स्मार्ट कोडेक मी बंद ठेवायला सांगेन, शांत वेळी ते पूर्ण फ्रेम (अख्खं चित्र साठवलेली, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात) एकमेकींपासून इतक्या लांब ठेवतात की मागेपुढे सरकवून बघताना जीव मेटाकुटीला येतो. पूर्ण फ्रेमचं अंतर सेकंदाच्या फ्रेमसंख्येच्या दुप्पट ठेवा, म्हणजे १५ ला ३०.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

नेटवर्कबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे इंटरनेटवरून थेट रेकॉर्डरपर्यंत वाट उघडू नका. ८०, ५५४, ८०००, कुठलाच नाही. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना स्वतः पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर रेकॉर्डर स्वतःच दार उघडून बसतो. कारखान्यातला पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने असेच पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला होऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या.

बाहेरून बघायला राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणारी सोय) बसवा. इंटरनेट कंपनी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नसेल तर ते थेट चालणार नाही, आधी विचारून घ्या. पीओई पोर्ट आतच असलेला रेकॉर्डर घेतलात तर कॅमेरे त्याच्या स्वतंत्र नेटवर्कवर राहतात, राउटरपर्यंत पोचतच नाहीत. नवख्यांना हीच मांडणी बरी, वेगळा स्विचही लागत नाही. बजेट मात्र त्याचंही बघा. वेगवेगळ्या बनावटीचे कॅमेरे मिसळायचे असतील तर ऑनव्हिफ प्रोफाइल टी हे सामाईक मानक दोन्हीकडे हवं, आणि तरीही माणूस-गाडी ओळखण्याच्या सूचना दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर पोचतीलच असं नाही.

रेकॉर्डर, स्विच आणि राउटर तिघांना एकाच यूपीएसवर घ्या. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी या भाराला साधारण अर्धा ते एक तास टिकते. रेकॉर्डर दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच आधी उचलतो. माळ्यावर उन्हाळ्यात डिस्क भाजते, तेव्हा कुलूपबंद कपाट, मागून हवा खेळती.

आणि चित्रात शेजाऱ्याची खिडकी येत असेल तर प्रायव्हसी मास्कने झाका. आवाजाचं रेकॉर्डिंग बंदच ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्याचे नियम चित्रापेक्षा कडक असतात.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही बसले, दिवसाचं चित्र सुरेख. रात्री मात्र दाराच्या घुमटी कॅमेऱ्यात सगळीकडे पांढरट पडदा येतो, आणि गाडीच्या जागी चालणारा माणूस भुतासारखा पुसट दिसतो. शिवाय रात्री पन्नासेक सूचना येतात, कोणी नसताना.

---

विषय: उत्तर: घरासाठी चार कॅमेरे, सल्ला हवा

ताई, तिन्ही वेगवेगळी दुखणी आहेत.

पांढरा पडदा: कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड कुठूनतरी परत लेन्समध्ये येतोय. घुमटाच्या आत लेन्सभोवती रबराचं किंवा फोमचं कडं असतं, ते घुमटाला पूर्ण टेकलंय का बघा. फिरवून बसवताना ते सरकतं. घुमटावर बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने पुसा. तरीही पडदा राहिला तर चौकटीत वळचण किंवा भिंतीची कड येते का ते पाहा. जवळची पांढरी भिंत इतकी चमकते की कॅमेरा बाकी सगळं काळं करतो. कॅमेरा जरा खाली किंवा बाजूला वळवा.

पुसट माणूस: शटर ‘ऑटो’वर आहे, अंधारात ते १/१५ पर्यंत खाली येतं. रात्रीच्या प्रोफाइलमध्ये मंद शटरची मर्यादा १/६० करा. चित्र काळोखं होईल, तिथे एक साधा दिवा लावा. हालचालीवर लागणारा नको, सतत मंद जळणारा. स्थिर चित्र बघून रात्रीची गुणवत्ता ठरवू नका, कोणालातरी चालायला लावून रेकॉर्डिंग थांबवा आणि चेहरा बघा.

सूचना: कोळी आणि किडे. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, त्यांच्यामागून कोळी, आणि लेन्ससमोरचा एक धागा अख्ख्या चित्रात हालचाल दाखवतो. साधं मोशन डिटेक्शन बंद करून फक्त माणूस आणि गाडी ठेवा, क्षेत्र रस्ता वगळून आखा, किमान आकारही ठरवा. रेकॉर्डिंग सतत चालूच असल्यामुळे सूचना कमी केल्याने काही बुडत नाही. जाळी महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने काढा.

त्याच दिवशी मागच्या महिन्यातली कुठलीही दहा मिनिटं पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर चालवून बघा, आणि चित्रातलं घड्याळ फोनशी ताडा. कॅमेऱ्यांनी वेळ रेकॉर्डरकडून घ्यावी, रेकॉर्डरने एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरवरून. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशात ती संपताना घड्याळ तासभर मागे जातं त्या रात्रीचा एक तास दोनदा नोंदला जातो, तेव्हाचं काही काढायचं असेल तर दोन्ही तुकडे काढा.