मदत हवी आहे: ऑफिसचा मेल फोनवर येतो, पण ऑफिसबाहेरून जात नाही

नमस्कार मंडळी. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, फोन अँड्रॉइड. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा मेल जीमेलच्या अ‍ॅपमध्ये जोडलाय. आलेले मेल कुठेही दिसतात. पाठवणं मात्र फक्त ऑफिसच्या वायफायवरच होतं. मोबाइल डेटावर आलं की मेल आउटबॉक्समध्ये ‘क्यूड’ म्हणून पडून राहतो. संध्याकाळी डोंबिवलीच्या गाडीत बसल्यावर कोटेशन पाठवायची असतात, ती रात्री घरी पोचलं तरी तिथेच. इनकमिंग आयमॅप (मेल उचलायची पद्धत), पोर्ट ९९३, सिक्युरिटी ‘एसएसएल’. आउटगोइंग पोर्ट २५, सिक्युरिटी ‘नन’. काय चुकतंय?

प्रतिसाद १

पोर्ट २५ चुकतंय. पोर्ट म्हणजे मेल सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, म्हणजे सर्व्हरचं, क्रमांकाचं दार. मेल येण्याची आणि जाण्याची सेटिंग वेगवेगळी असते, त्यामुळे एक चाललं म्हणून दुसरं चालेलच असं नाही. २५ हे मुळात एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे. स्पॅम रोखायला बऱ्याच नेट कंपन्या ते ग्राहकांसाठी बंद ठेवतात. ऑफिसच्या लाइनवर ते उघडं असणार, म्हणून तिथे जातं.

जीमेलमध्ये डावीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, तुमचं खातं, मग खाली ‘आउटगोइंग सेटिंग्ज’. पोर्ट ५८७ घाला, सिक्युरिटी ‘स्टार्टटीएलएस’ (मजकूर कुलूपबंद होऊन जातो). नाही जमलं तर ४६५ आणि ‘एसएसएल/टीएलएस’. या जोड्यांची अदलाबदल करू नका. तसं केलं तर नुसतं चक्र फिरत राहतं आणि शेवटी सर्व्हरशी जोडता आलं नाही म्हणून सांगतं. ‘रिक्वायर साइन-इन’ चालू हवं. युजरनेममध्ये ‘अ‍ॅट’च्या पुढच्या भागासकट पूर्ण ईमेल पत्ता.

आणि ‘नन’ आजच काढा, कृपया. त्यात पासवर्ड उघडाच जातो. स्टेशनवरच्या फुकट वायफायला तर तो कुणाच्याही हाती लागू शकतो.

प्रतिसाद २

वरच्यांचं निदान पटतं, पण एक शक्यता तपासून घ्या. वाट बघून बघून ‘टाइम आउट’ येत असेल तर पोर्ट बंद आहे. लगेच ५५० हा नकाराचा आकडा आणि ‘रिले’ (पुढे पोचवणं) असा शब्द आला तर पोर्ट उघडं आहे, साइन-इन बंद आहे. ऑफिसचा आयपी (नेट लाइनचा पत्ता) ओळखीचा असल्याने काही सर्व्हर तिथून लॉगिनशिवायही मेल घेतात, बाहेरून घेत नाहीत.

धागाकर्ता

टाइम आउटच येत होता. ५८७ घातलं, आता ‘सर्टिफिकेट नॉट व्हॅलिड’ म्हणतंय.

प्रतिसाद २

सर्व्हरच्या खान्यात ‘मेल’ आणि पुढे तुमचं डोमेन असं घातलंय ना? एका सर्व्हरवर अनेक कंपन्या असतात तेव्हा सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, पुष्कळदा होस्टिंगवाल्याच्या (सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या) सर्व्हरच्या नावाचं असतं. नाव जुळत नाही म्हणून फोन अडतो. आयटीवाल्यांकडून सर्व्हरचं खरं नाव मागून तेच घाला. सिक्युरिटीच्या यादीत ‘अ‍ॅक्सेप्ट ऑल सर्टिफिकेट्स’ (कुठलंही ओळखपत्र चालेल) असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. मधे कुणी खोटा सर्व्हर उभा केला तरी फोन मग निमूट पासवर्ड देईल.

अंदाजाने पासवर्ड घालत बसू नका, हेही सांगून ठेवतो. चुकीचे प्रयत्न साठले की बरेच सर्व्हर ते जिथून आले तो आयपीच अडवतात, आणि ऑफिसच्या वायफायवर असाल तर सगळ्या टेबलांवरचा मेल थांबतो. कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला आणि फोनमध्ये जुनाच राहिला तरी हेच होतं, कारण फोन दर थोड्या वेळाने जुन्या पासवर्डने दार ठोठावत असतो. ओळखायचं असं: वायफाय बंद करून डेटावर मेल उघडला, तर अडलाय तो ऑफिसचा आयपी.

धागाकर्ता

सर्व्हरचं नाव मिळालं, डेटावरून मेल गेला! मनापासून आभार. जुने दोन अजून आउटबॉक्समध्येच आहेत.

प्रतिसाद १

आउटबॉक्स उघडून खाली ओढा, बहुतेक निघतील. नाहीच हलले तर मजकूर कॉपी करून आधी तिथून डिलीट करा, मग नव्याने पाठवा. उलट क्रमाने केलंत तर पार्टीला तेच कोटेशन दोनदा जाईल.