मदत हवी आहे: गीरचे भ्रूण ८-१६ पेशींवर येऊन थांबतात

नमस्कार. मी पशुवैद्यकीय पदव्युत्तरचा विद्यार्थी, गीर गायींच्या आयव्हीएफवर काम करतोय. चार महिने एकाच जागी अडकलोय.

ओपीयूने (सुईने अंडाशयातून बीजांडं ओढून) एका गायीकडून आठ-दहा बीजांडं मिळतात. २४ तास मॅच्युरेशन (बीजांडं पिकवणं), मग फलन, १८ तासांनी क्युम्युलस (बीजांडाभोवतीच्या पेशी) काढून एसओएफ या वाढीच्या द्रावणाच्या थेंबांमध्ये. दोन दिवसांनी पाहिलं तर दहातली सात छान विभागलेली असतात. पाचव्या दिवशी बघावं तर बहुतेक ८-१६ पेशींवरच. आजवर ब्लास्टोसिस्ट (गायीत सोडण्याइतपत वाढलेले भ्रूण) मिळाले ते फक्त तीन.

तापमान ३८.५ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, ५० मायक्रोलिटरचे थेंब, वर मिनरल ऑइल. सीरम टाळतो, वासरं अवाजवी मोठी होण्याची भीती असते म्हणून. इन्क्युबेटरला ऑक्सिजन कमी करायची सोय नाही.

कत्तलखान्यातून म्हशीच्या ओव्हरी मिळतात, गायीच्या आपल्याकडे मिळत नाहीत. प्रत्येक बीजांडासाठी एक गाय खोड्यात उभी राहिलेली असते, ते वाया घालवणं जिवावर येतं. आधी काय बदलू?

प्रतिसाद १
तुमचे भ्रूण नेमके तिथेच थांबतात याला कारण आहे. तोवर ते बीजांडातल्या शिदोरीवर चालतात, तिथून पुढे स्वतःची जनुकं सुरू करावी लागतात. परिस्थिती जरा बिघडली की तिथेच बसकण मारतात.

माझा पहिला संशय ऑक्सिजनवर. तुमच्या इन्क्युबेटरमध्ये तो हवेइतकाच, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास असणार. बीजवाहिनीत त्याहून खूप कमी असतो. नवं यंत्र नको. ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन असा मिश्र गॅसचा सिलिंडर आणि हवाबंद चेंबर घ्या. आत पाण्याची डिश ठेवून चेंबर त्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

थेंबही मोठे आहेत. सात भ्रूणांना २० मायक्रोलिटर पुरेत, दाटीत ते एकमेकांना आधार देतात. पण दोन्ही बदल एकदम करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. म्हशीच्या बीजांडांवर अर्धे चेंबरमध्ये, अर्धे बाहेर असं करून बघा. थेंबांची डिश आदल्या रात्रीच इन्क्युबेटरमध्ये ठेवता ना? आणि तेलाची बाटली कधी उघडली?

धागाकर्ता
मनापासून आभार! डिश फक्त दोन तास आधी ठेवत होतो. तेल पावसाळ्यात उघडलेलं, खिडकीजवळच्या रॅकवर, दिवसभर उजेडात. आजच नवी बाटली काढतो. चेंबरमध्ये गॅस किती मिनिटं सोडायचा, आणि रोज पुन्हा भरायचा का?