मळीच्या रानात काय लावायचं? काहीही केलं तरी बुडतंयच

मळीवाला:
नमस्कार मंडळी, कारदग्याजवळ दूधगंगेला लागून आमचं दीड एकर मळीचं, म्हणजे नदीकाठच्या गाळाचं रान आहे. २०१९ च्या पुरात बुडालं, २०२१ ला परत बुडालं. ऊस ठेवावा तर पाणी शेंड्यावरून गेलं की आतला कोंब कुजतोय, मग कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, वजन बी जातंय आणि साखरेचा उतारा बी. सोयाबीन तर चार दिवस पाणी थांबलं की मुळातनं गेलंच. पड ठेवलं तर सोसायटीचं कर्ज कशानं फेडायचं, आणि विकायचं म्हटलं तर पुरातलं रान म्हणून गिऱ्हाईक अर्ध्या दरात मागतंय, त्यात आबा विकायचं नाव काढलं की जेवण सोडतात. इकडे आड तिकडे विहीर. तुम्ही काय केला असता ते खरं सांगा.

यडूरकर:
अण्णा, सुरू ऊस, म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारीतली लागण, लावूच नका, ऑगस्टात तो जेमतेम छातीएवढा असतोय. पूर ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी लावा, पुढच्या पुरापर्यंत नऊ-दहा महिन्यांचा होतो, शेंडा वर राहायचा चान्स आहे. पण २०१९ सारखं आठवडाभर पाणी उभं राहिलं तर तोबी जाणार, हे लपवत नाही.

निवृत्त पाटकरी:
धरणवाल्यांचं बी हेच असतंय बघा. कोयना १०५ टीएमसीचं धरण. जुलैत रिकामं ठेवलं आणि पुढं पावसानं दडी मारली तर वीज आणि शेतीची बोंब, भरून ठेवलं आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला तर दारं उघडावीच लागतात, मग खाली पूर. म्हणून कुठल्या तारखेला किती भरायचं ते आधीच ठरवून ठेवतात, तरी कधी ना कधी चुकतंय. त्यामुळं कुठलं नुकसान भरून निघतंय तेवढं बघा. पीक बुडालं तर पुढच्या वर्षी येईल, रान एकदा विकलं की गेलं.

सदलग्याची सून:
काका, रान गेलं की गेलं हे खरं, पण व्याज दरवर्षी चढतंय ते कुणी धरायचं? आमच्याकडं रान राखलं आणि नणंदेचं कॉलेज सुटलं, ते वर्ष तिला कुणी परत दिलं नाही. दादा, अर्धा एकर विकून कर्ज मिटवा, उरलेल्यात पूर्वहंगामी ऊस लावा. आबांना दुखेल, मला कळतंय, पण त्यांच्याशी बोलताना गिऱ्हाइकाचा दर सांगू नका, कर्जाचा आकडा सांगा.

मळीवाला:
ताई, हे आज रात्री आबांना वाचून दाखवतो, ऐकतील की नाही सांगता येत नाही. यडूरकर अण्णा, ८६०३२ ह्या जातीच्या उसाचं बेणं तुमच्याकडं कुणाकडं मिळेल काय? पूर न लागलेल्या प्लॉटमधलंच पाहिजे.