प्रति: सरकारी वकिलांनी स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगावे का?

‘वकिलाकडे पिस्तूल असेल तर हल्लेखोर दहा वेळा विचार करेल’ हा सरकारी वकिलांनी शस्त्र बाळगण्याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा सावध, भित्र्या गुन्हेगाराबाबत खरा असेलही; पण पाळत ठेवून, ठरवून सूड उगवणाऱ्याबाबत मला तो पटत नाही. टेक्सासमधील कॉफमन काउंटीचे उदाहरण या चर्चेत यायला हवे. तेथे 31 जानेवारी 2013 रोजी सकाळी न्यायालयाकडे जात असताना सहायक सरकारी वकील मार्क हॅसी यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर मुख्य सरकारी वकील माइक मॅक्लेलँड यांनी, आपण कुत्र्याला फिरवायला नेतानाही पिस्तूल जवळ ठेवतो, असे उघडपणे सांगितले होते. ते माजी सैनिक होते, म्हणजे शस्त्र हाताळण्याचा सरावही होता. तरीही 30 मार्चला ते आणि त्यांच्या पत्नी सिंथिया यांना घरातच ठार मारण्यात आले. मारेकरी एरिक विल्यम्स हा स्वतः माजी न्यायाधिकारी होता. संगणकाच्या पडद्यांच्या चोरीच्या खटल्यात याच दोघा वकिलांनी त्याला दोषी ठरवून घेतले होते आणि त्यात त्याचे पद गेले होते.

वकिलांना शस्त्राचा परवाना देऊच नये, असे मी म्हणत नाही. ज्याला धोका आहे त्याला तो जरूर मिळावा. मात्र पहिली गोळी कधी झाडायची हे हल्लेखोर ठरवतो. त्यामुळे धमकीची तत्काळ चौकशी, निवासस्थानी पोलीस पहारा आणि घरचा पत्ता सार्वजनिक नोंदींतून वगळणे या गोष्टी शासनाने आधी कराव्यात. परवाना देऊन ही जबाबदारी वकिलाच्या खांद्यावर टाकू नये.